वॉक्ड आउट ऑन

हॉटेलच्या तळघरात, धुलाई विभागात, सगळे तिला इस्त्रीताई म्हणत. वाफेच्या मोठ्या प्रेसवर चादरी, अभ्रे आणि टेबलांवरची कापडं सरळ करायची, हे तिचं काम. डाव्या मनगटावर भाजल्याचे जुने चट्टे, आणि स्वभाव असा की दोन शब्द ऐकले तर एक परत देणार. नवरा टाकून गेल्याचं तिने कामावर एकीलाच सांगितलं होतं, शेजारच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या घडीवालीला. दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

घरी मुलीला सांगितलं होतं, बाबा जहाजावर कामाला आहेत. तिथे फोन लागत नाही, सुट्टी मिळत नाही. मुलगी आधी खूप विचारायची, मग विचारेनाशी झाली. इस्त्रीताईला वाटलं, पटलं पोरीला.

मग हॉटेलने तळघरातल्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. जो चांगलं बोलेल त्याला वर रिसेप्शनवर घेणार होते. शिकवायला एक मॅडम यायच्या. नीटनेटक्या, हसतमुख, आणि कुणाचं चुकलं की त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या. सगळे हसायचे. ज्याची नक्कल झाली तोही हसायचा, न हसून सांगतो कुणाला.

एके दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, वॉक आउट ऑन.

"वॉक येतं, आउट येतं," त्या म्हणाल्या. "पण तिन्ही जोडले की अर्थ बदलतो. ज्याला आपली गरज आहे त्याला सोडून निघून जाणं. आपल्या भाषेत काय काय म्हणाल?"

वर्गाला चेव आला. सोडून जाणं. टाकून जाणं. वाऱ्यावर सोडणं. पाठ फिरवणं. मागून कुणीतरी म्हणालं, हात झटकणं.

"ते नाही. हात झटकणारा तिथेच उभा असतो. इथे माणूस गेलेला असतो. आता रोजच्या बोलण्यातलं उदाहरण द्या. खरंखुरं."

घडीवाली उठली. "मॅडम, हिचा नवरा," ती म्हणाली आणि बोटाने दाखवलंसुद्धा. "हिला नि पोरीला टाकून गेला. तसंच ना?"

"अगदी तसंच." मॅडम खूश झाल्या. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, हर हजबंड वॉक्ड आउट ऑन हर, आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. मग वर्तमानकाळात. मग भविष्यकाळात. मग प्रश्न करून: डिड हर हजबंड वॉक आउट ऑन हर? वर्ग एका सुरात म्हणाला, येस, ही डिड.

शेवटी त्या इस्त्रीताईकडे वळल्या. "आता तुम्ही. माय हजबंडपासून सुरू करा."

इस्त्रीताई उठली. "माय हजबंड वॉक आउट फ्रॉम मी."

"वॉक्ड. आणि ऑन. तुमचं ऐकून वाटतं, जेवणानंतर शतपावलीला गेलाय."

वर्ग खदखदून हसला. इस्त्रीताईही हसली. दुसऱ्यांदा तिने बरोबर म्हटलं, तेव्हा मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

जेवणाच्या सुट्टीत घडीवालीने डबा उघडून पुढे सरकवला. "राग आला?"

"नाही."

"मार्कांसाठी बोलले गं. आज ना उद्या सगळ्यांना कळणारच होतं."

इस्त्रीताई त्याच डब्यात जेवली. संध्याकाळपर्यंत तळघरात तिचं नाव बदललं होतं. "ए वॉकआउट, टेबलांची कापडं झाली का?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती घरी भांडी घासत पुटपुटत होती. तेच वाक्य पुन्हा चुकलं तर पुन्हा नक्कल होणार, ही धास्ती. मुलगी मागे टेबलाशी गणितं सोडवत होती.

"ही वॉक्ड आउट फ्रॉम..."

"ऑन," मुलगी मान वर न करता म्हणाली. "ऑन, आई. ही वॉक्ड आउट ऑन अस. आपल्याला, म्हणून अस."

इस्त्रीताईने नळ बंद केला. "तुला कुणी सांगितलं?"

"शाळेत सगळ्या म्हणतात. काही जणी रॅन अवे म्हणतात, काही नुसतं लेफ्ट. पण लेफ्ट म्हटलं तर माणूस परत येऊ शकतो. तुझा शब्द बरोबर आहे."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू रडली असतीस. मग मलाच तुला गप्प करावं लागलं असतं." मुलीने पान उलटलं. "आणि जहाजाचं तू अगदी रंगवून सांगायचीस."

तिच्या आवाजात आईबद्दल कणव नव्हती. कंटाळा होता.

रिसेप्शन घडीवालीला मिळालं. इस्त्रीताईचं बोलणं तिच्यापेक्षा चांगलं झालं, असं मॅडमनी स्वतः सांगितलं, पण पाहुण्यांसमोर प्रसन्न चेहरा लागतो. इस्त्रीताईला फोनवर बसवलं. खोल्यांमधून मागण्या येतात त्या घ्यायच्या. खिडकी नसलेली खोली, एक खुर्ची, कानाला यंत्र. तिथे चेहरा कुणाला दिसत नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे. भांडायचं असलं की ती इंग्रजीत भांडते, भराभर, आईला मधे तोंड घालता येऊ नये म्हणून. पहिली काही वर्षं इस्त्रीताईला निम्मंच कळायचं आणि उरलेलं तिने कधी विचारलं नाही. परवा मुलगी म्हणाली, बाबांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. सगळं इंग्रजीत, एका दमात. इस्त्रीताईला एकही शब्द अडला नाही.

तिने पोरीचं ताट वाढलं आणि समोर ठेवलं.