दातांच्या खुणा

डहाणूत ‘जुने पाइप घेतो’ म्हटलं की लोक वाडीत नेऊन बोअरवेलचे गंजके पाइप दाखवतात. तलासरीला एकाने तर गोठ्यामागून ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळंच काढून दिलं. मग उधव्याकडच्या एका गुजराती दुकानदाराने शब्द सुचवला, “चुंगी बोला, शेठ.” तेव्हापासून तंबाखू ओढायच्या पाइपाला मी चुंगी म्हणतो आणि तोंडाजवळ मूठ नेऊन दाखवतो.

माझा धंदा जुन्या सामानाचा. कुणाच्या ओळखीने उभा राहिलेलो नाही; एका हातगाडीवरून टेम्पोवर आलो. पितळ, सागवान, घड्याळं मला अंधारातही कळायची. पण पहिला तंबाखूचा पाइप हाती आला तेव्हा मी पितळेची अक्कल लाकडाला लावली. पॉलिशपेपरने घासून तो आरशासारखा केला. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने तो उन्हात धरला आणि चार माणसांसमोर हसला. “कंपनीचा शिक्काच घासून काढलात! तांब्या समजलात की काय?” घेतला तो लाकडाच्या भावात. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

त्या रागातच शिकलो. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिच्यातून चांगले पाइप कोरतात. दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून मी एकेक पाइप तिरप्या उजेडात फिरवायचो. दांडीवरचा शिक्का धुक्यातून होडी यावी तसा हळूहळू वर यायचा. लाकडातल्या भोकात लांबी, म्हणजे पुटी, भरून रंग दिलेला असेल तर त्या जागी लाकडाच्या रेषा अचानक थांबतात. आत बोट घालून जळका खड्डा चाचपायचा, नळीतून फुंकून वाट मोकळी आहे का बघायचं. शेवटी वास. वासाशी आलो की माझा हिशेब सुटायचा. कुठल्यातरी ओल्या संध्याकाळचा, मधाचा, भिजलेल्या लाकडाचा वास. मी आयुष्यात कधी विडीसुद्धा ओढली नाही. तरी डोळे मिटले की कुणी अनोळखी माणूस वाडीच्या टोकाला पाठमोरा उभा दिसायचा. घाई नसलेला. मला तसं उभं राहायला कधी सवड मिळाली नाही.

मसोलीच्या एका काकूंचं घर रिकामं होत होतं. यजमान गेलेले, वाडी विकलेली, काकू लेकीकडे वापीला निघालेल्या. सागवानी कपाटाचा सौदा ठरला आणि त्याच्याच खणात मला एक पाइप दिसला. मी ओट्यावर आणून उजेडाला धरला. शिक्का अक्षर न् अक्षर शाबूत. ना लांबी, ना चीर. चिकूच्या सावल्या त्याच्यावरून पाण्यासारख्या सरकत होत्या आणि मला मुंबईचं ते गिऱ्हाईक दिसत होतं: हा पाइप पुढ्यात ठेवीन, काही बोलणार नाही, नुसता बघत राहीन.

पण सौदा म्हणजे सौदा. वस्तू आवडली की मी तिला आधी नावं ठेवतो. त्याशिवाय भाव उतरत नाही.

“कड जळलीय, काकू,” मी म्हणालो. “नळी उन्हाने हिरवट पडलीय. आणि हे दात बघा, किती चावलाय! अशा चावलेल्या मालाला कोण विचारतो?”

काकू चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

“ते दात ह्यांचे आहेत.”

“हो, पण काकू, भाव...”

“डावीकडे धरायचे. पेपर वाचताना चावत बसायचे. मी ओरडायचे, अहो, पाइप आहे, ऊस नाही.” त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडे.”

माझा आवाज चढला. “अहो, धंद्यात असंच बोलतात! त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? वाढवून देतो. बोला!”

“ओरडू नका, भाऊ. कपाटाला काय बोलायचं ते बोला. ते ह्यांनी चावलेलं नाही.”

मी दिला. द्यावाच लागला, हात पुढे करून त्या तशाच उभ्या होत्या. त्यांनी अंगठा नळीवरून एकदा फिरवला, बरोबर त्या दोन खळग्यांत टेकवला आणि पाइप पदरात गुंडाळला. वाऱ्यावर खाडीचा खारा वास आला. मुंबईचं गिऱ्हाईक कुठे विरलं कळलं नाही. डोळ्यांसमोर नेहमीचा तो पाठमोरा माणूस आला, पण आज तो वळून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत ओळख नव्हती.

चहा प्यालो. कपाट उचलायला माणसं बोलावली, तेव्हा काकू दारात आल्या.

“त्या भावात आता कपाट नाही मिळायचं.”

“का? ठरलं होतं आपलं!”

“ठरलं होतं. मग तुम्ही ह्यांच्या दातांना बोललात.”

भांडलो. चांगला तासभर भांडलो. शेवटी त्या म्हणाल्या तो भाव देऊन कपाट टेम्पोत चढवलं. ते कपाट तेवढ्याचं नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.