एवारिस्तोने नेलेला शब्द

आमच्या ला ग्वाहिराच्या रखरखीत मुलखात एवारिस्तोचा जन्म लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात गेला. दोन कुळांत रक्त सांडलं की त्याने मध्ये पडायचं, इकडचा शब्द तिकडे पोचवायचा. डोक्यावर टोपी, हातात काठी आणि दोनच नियम: शब्द आहे तसा न्यायचा, पदरचं तिखटमीठ लावायचं नाही. भांडण आपल्याच कुळाचं असेल तर काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची.

या खेपेला कूळ त्याचं नव्हतं, त्याच्या बायकोचं होतं. तिचा भाऊ तोरिबियो, त्याच्या ट्रकखाली दुसऱ्या कुळाचा म्होरक्या लिसांद्रो याचा भाचा मेला. आमच्यात पोर आईच्या कुळाचं. म्हणजे एवारिस्तो तिऱ्हाईत, आणि त्याच्या पोटचा आंद्रेस मात्र लिसांद्रोचा शत्रू! भाच्याच्या बदल्यात भाचा, असा हिशोब लागला तर पहिला नंबर आंद्रेसचाच होता.

एवारिस्तो तोरिबियोचा शब्द घ्यायला गेला.

"सांगा त्यांना, शेळ्या देतो, मण्यांच्या माळा देतो. पण माफी मागायला येणार नाही. पोरगं पिऊन आडवं पडलं होतं रस्त्यात."

"मेव्हण्या, शेवटचं तेवढं गिळ की रे. भाचा तुझाच आहे ना?"

"तुम्हाला काय त्याचं दाजी, तुम्ही तर तिऱ्हाईत!"

वाटभर एवारिस्तोचं मन त्याला खात होतं. दोन वाक्यं गाळली तर कुणाचं काय जाणार होतं? तरी लिसांद्रोच्या मांडवात बसल्यावर, समोरची कॉफी तशीच ठेवून, तो सगळं बोलला. पिऊन आडवं पडलं होतं, हेसुद्धा. काठी गुडघ्यांत दाबून धरली होती.

मेलेल्या पोराच्या आईने तोंड फिरवलं.

"जीभ सडलीय तुझ्या मेव्हण्याची," लिसांद्रो म्हणाला. "पण तू सडकी ती सडकीच आणलीस. घेऊ शेळ्या. मिटलं."

एवारिस्तोला रडूच फुटलं. लिसांद्रो मात्र मान वर करेना.

"धाकटा भाचा नेमेसिओ सकाळीच बंदूक घेऊन विहिरीकडे गेलाय. अडवला, पण ऐकतोय कुठे! माझे पाय गेलेत. तूच पळ."

आंद्रेस रोज त्याच विहिरीवर पाण्याला जायचा. एवारिस्तो पिकल्या वयात धावत सुटला. टोपी उडाली, तरी त्याने वळून पाहिलं नाही. दोन कुळांनी मान्य केलेली शांतता, आणि बंदूकवाल्याला तिची खबरच नाही! असली कसली मेली शांतता?

आंद्रेस वाकून कॅन भरत होता. काटेरी झुडपाआड नेमेसिओने बंदूक खांद्याला लावली होती.

"थांब!" एवारिस्तो ओरडला. "तुझ्या मामाने शेळ्या घेतल्या. मिटलं!"

बंदूक हलली नाही. "हे मामा बोलतोय, की ह्याचा बाप?"

एवारिस्तो एक पाऊल पुढे सरकला. शपथ घालावी? पाय धरावेत? छे, बापाने पाय धरले म्हणून कोण थांबलंय!

"मामाचा शब्द आहे. आणि तोरिबियोचाही ऐक. माफी मागणार नाही म्हणतो. तुझा भाऊ पिऊन आडवा पडला होता म्हणतो."

आंद्रेस दचकून वळला. नेमेसिओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"बाप बोलत असता," तो म्हणाला, "तर हे सांगितलं नसतं." आणि बंदूक खाली आली.

आपल्यावर बंदूक रोखलेली असतानाही बापाने तो शब्द गाळला नाही, हे आंद्रेसनेही ऐकलं होतं. त्याने कॅन उचलले आणि बापाशी एक शब्द न बोलता तो घरी निघाला.