सहाशे धाग्यांकडे पाहण्याची रीत

कापडाच्या कारखान्यात ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, यंत्रावर काम करणाऱ्या एका बाईंची ही हकिकत आहे. लहानथोर सर्व त्यांना आत्या म्हणत. सहाशे धागे बॉबिनींवरून येऊन एका मोठ्या रुळावर गुंडाळले जात. त्यांतील एखादा तुटताच हातातली दोरी ओढून यंत्र थांबवायचे, हे आत्यांचे काम. ते त्यांनी एकतीस वर्षे डोळ्यांत तेल घालून केले.

परंतु त्या वर्षी आठ दिवसांत तीन तुटके धागे त्यांच्या नजरेतून निसटले, आणि कापडात उभ्या फटी उतरल्या. मुकादम वयाने लहान, पण मुलाहिजा राखणारा माणूस होता.

"आत्या, राग मानू नका. शनिवारपर्यंत बघतो. आणखी एक सुटला, तर तुम्हाला चिंध्यांच्या खोलीत बसवावं लागेल."

"बसवा की! तिथं पंखा तरी आहे," असे आत्या म्हणाल्या खऱ्या, पण त्या दुपारचा डबा त्यांनी तसाच घरी नेला. त्या खोलीत गेलेले माणूस पुन्हा यंत्रावर आलेले कोणी पाहिले नव्हते.

आत्यांनी जाड भिंगांचा चष्मा लावला आणि धाग्यांना नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन त्या एकेक धागा तपासू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मंगळवारी धागा तुटला, तो त्यांना दिसलाच नाही. बॉबिनी लावणाऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई ओरडल्या, म्हणून वेळ निभावली.

"अहो, धागे बघताय की त्यांच्या उवा काढताय?" असेही त्या वर म्हणाल्या.

कारखान्यात उंदरांसाठी एक बोका पाळलेला होता. तो दिवसभर बसून इतरांचे काम पाही, म्हणून सर्वांनी त्याचे नाव साहेब ठेवले होते. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आत्यांनी डब्यातला माशाचा तुकडा साहेबांपुढे टाकला. तो अगदी नाकाखाली पडला, तरी साहेबांना दिसेना! मिशा पुढे करून, हुंगत, चाचपत त्यांनी तो शोधला.

"काय हो साहेब, तुम्हालाही चष्मा लागला का?" आत्या हसल्या.

इतक्यात साहेबांची मान ताठ झाली. खिडकीच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांतली बाहुली दोऱ्याएवढी बारीक होती. ती पाहता पाहता पसरून काळीभोर झाली. आत्यांनी त्या दिशेला पाहिले. वीस पावलांवर सुताचे गठ्ठे होते, दुसरे काहीच नव्हते. साहेबांनी झेप घेतली, तेव्हा कुठे गठ्ठ्यामागून पळणारा उंदीर आत्यांना दिसला.

आत्या थक्क झाल्या. गुरुवारी त्यांनी जेवण बाजूला ठेवून साहेबांचे डोळेच न्याहाळले. ते डोळे कशाकडेच पाहत नव्हते. स्थिर वस्तू जणू त्यांच्या लेखी नव्हत्याच. कापसाचे एक तूस हलले, की तेवढे मात्र नेमके टिपले जाई. नाकाजवळचे न दिसणाऱ्या डोळ्याला एवढे सामर्थ्य देणाऱ्याने किती विचार केला असेल, या कल्पनेने आत्यांच्या अंगावर काटा आला.

शुक्रवारी त्यांनी चष्मा पिशवीत ठेवला आणि दोरी हातात धरून त्या पाच पावले मागे उभ्या राहिल्या.

"पाहुण्यासारख्या लांब का? धागे चावतात काय?" मुकादमाने विचारले.

आत्यांनी एकाही धाग्यावर नजर ठेवली नाही. सहाशे धाग्यांची मिळून एकच पांढरी चादर झाली. बऱ्याच वेळाने चादरीच्या डाव्या कडेला काहीतरी थरथरले. काय ते कळण्यापूर्वीच हाताने दोरी ओढली होती. धागा तुटला होता. त्याचे टोक अजून रुळापर्यंत पोहोचलेही नव्हते.

आत्यांनी चष्मा लावून गाठ मारली, तो पुन्हा पिशवीत टाकला आणि त्या मागे सरकल्या. त्या दिवशी पाच धागे तुटले, शनिवारी सात. एकही सुटला नाही.

संध्याकाळी मुकादम शेजारी येऊन उभा राहिला.

"आत्या, बघायचं तरी कुठं?"

"कुठंच नाही."

"मग दिसणार कसं?"

"गप उभे राहा. हलेल तेव्हा दिसेल."

मुकादम डोळे फाडून पाहू लागला. तो पाहतच राहिला, आणि आत्यांनी दोरी ओढली.

"कुठला तुटला?" तो दचकून म्हणाला. आत्यांनी बोट दाखवले. त्याने वाकून तुटके टोक चिमटीत धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाही.

"सोमवारी इथंच या," तो म्हणाला.