कुर्त्याखालचं पिस्तूल

सुमेधा चिपळूणकरचं आडनाव उच्चारण्याचा नाद जर्मनीतल्या एर्लांगेनच्या लोकांनी लवकरच सोडला आणि ऑफिसात ती फ्राऊ चिप, म्हणजे चिपबाई, झाली. ती मेकॅनिकल इंजिनिअर. नवरा हृषिकेश मेडिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे चारचौघांत मिरवावं असं काम. सुमेधाच्या कामाचं तसं नव्हतं. रीजनल ट्रेननं थोडं पुढे गेलं की एका गावाबाहेर तिची कंपनी आहे, आणि ती कंपनी पिस्तुलं बनवते.

सासूबाईंना, म्हणजे लीलाताईंना, तिनं "बारीक सुटे भाग" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी त्यातून शिलाई मशीन असा अर्थ काढला आणि पुण्यात सगळ्या नातेवाइकांत पोचवला. सुमेधानं तो खोडला नाही. इथल्या मराठी मंडळातल्या आम्हा बायकांनाही तेच ठाऊक होतं. माझ्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा, तर मी एकदा तिलाच विचारलं होतं. तिनं बिचारीनं घरी येऊन तेल घालून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं एक छोटं पिस्तूल तयार केलं. साध्या वेशातल्या पोलिसांसाठी, कपड्यांखाली दिसणार नाही असं. ते वापरून बघून गुण द्यायचं काम झाइटलर नावाच्या तिच्या साहेबाकडे होतं. झाइटलर दारातून वाकून येणारा माणूस, आणि त्याची टीमही तशीच, सगळे ताडमाड पुरुष. त्यांनी पिस्तुलाला भरभरून गुण दिले. मग पोलिसांकडून विचारणा झाली की बायकांचं काय. तेव्हा सगळ्या इमारतीत बुटकी कोण हे बघितलं गेलं, आणि सुमेधाची नेमणूक झाली.

खरं पिस्तूल फक्त तळघरातल्या रेंजवर चालवायचं. एरवी कमरेला लाल प्लॅस्टिकचं नकली, पण आत शिसं भरून वजन खऱ्याएवढं केलेलं. ते लावून दिवसभर कंपनीच्या आवारात जिने चढायचे, गाडीत बसायचं, बुटाच्या नाड्या बांधायच्या. सुमेधानं पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू केल्या. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागा नाही. तरी गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं बटण इतकं लांब की अंगठा पोचत नाही. आणि खुर्चीत बसलं की मुठीचं टोक बरगडीत घुसतं.

"आमच्यापैकी कोणालाच टोचलं नाही," झाइटलर म्हणाला.

"झाइटलर साहेब, तुमच्या बरगड्या माझं डोकं संपतं तिथून सुरू होतात."

"आल्झो, हं," म्हणून त्यानं तिच्याकडे वरून खाली पाहिलं, आणि मग म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

पुढची चाचणी कँटीनमध्ये होती. जेवणाच्या वेळी टीमनं पिस्तूल लपवून फिरायचं आणि बाकीच्यांनी कोणाकडे आहे ते ओळखायचं. ऑगस्टचं ऊन. पुरुष मंडळी जाकिटं घालून घामाघूम झाली होती आणि सारखी जाकिटं खाली ओढत होती, त्यामुळे सूप संपायच्या आत पकडली गेली. सुमेधा सुती कुर्ता घालून आली होती. कुर्ता ढगळ, त्यामुळे फुगवटा दिसत नाही. आणि बाजूला चीर, त्यामुळे हात थेट कमरेपर्यंत. ती दोनदा भात घ्यायला उठली. तिला कोणीच ओळखलं नाही.

ती खूश झाली. मग तिनं हिशेब खात्यातल्या बाईंना विचारलं, "माझा संशय का नाही आला?"

"तू टीममध्ये आहेस? मला वाटलं, तू नुसती जेवायला आलीस."

सुमेधाला हसू आलं आणि जरा लागलंही. अहवालात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं की पिस्तूल दिसलं नाही, याचं सगळं श्रेय पिस्तुलाला देता येणार नाही.

मग ती हट्टाला पेटली. मुठीचा मागचा भाग तिनं पातळ करून घेतला, बटण अंगठ्याकडे सरकवलं, होल्स्टर, म्हणजे कमरेचं म्यान, पुढे कलतं करून त्याची कड मऊ चामड्याची केली. शुक्रवारी नवं होल्स्टर लावून ती दिवसभर हिंडली आणि संध्याकाळी तशीच मंडळातल्या स्वरूपाच्या घरी मंगळागौरीच्या तालमीला आली. लीलाताई तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. नात दियाला घेऊन त्या आधीच पोचल्या होत्या आणि आम्हाला नीट वाकता येत नाही म्हणून फटकारत होत्या.

सुमेधानं त्या दिवशी स्वरूपाबरोबर जी फुगडी घातली, ती मी विसरणार नाही. स्वरूपा वजनदार बाई, पण दोघी भिंगरीसारख्या फिरल्या. मग झिम्मा झाला, आगोटा-पागोटा झाला. सुमेधाची ओढणी पायात यायला लागली तेव्हा लीलाताई म्हणाल्या, "थांब, खोचून देते," आणि त्यांनी तिच्या कमरेला हात घातला.

"सुमेधा, हे काय गं?"

सुमेधानं स्वतःच हात लावून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. कुर्त्याच्या चिरेतून तिनं लाल पिस्तूल बाहेर काढलं. आम्ही सगळ्या एक पाऊल मागे सरलो.

"ममा, इस्ट दास एष्ट?" दियानं विचारलं.

"नाही गं, खरं नाही. पण हे कंपनीच्या बाहेर आणायची परवानगी नाही." ती मटकन सोफ्यावर बसली आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. लीलाताई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि मी तुझ्या नावावर तीन बायकांना मशीनबद्दल सल्ले दिले."

सुमेधानं तिथूनच झाइटलरला फोन लावला.

"कुठे होतं?" त्यानं विचारलं.

"कमरेलाच."

"आणि कळलं नाही? काय करत होतीस?"

फुगडीला जर्मन शब्द नाही. दोन बायका हात धरून गोल फिरतात, असं तिनं सांगितलं. कशासाठी, असं त्यानं विचारलं. देवीसाठी, असं ती म्हणाली. मग त्यानं पत्ता विचारला.

तो स्वतः गाडी घेऊन आला. लीलाताईंनी तोवर ते पिस्तूल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं. त्यांनी त्याला बसवलं, पुढे साटोरी ठेवली आणि दियाला म्हणाल्या, "विचार त्यांना, हे खरंखुरं झालं की कोणाला मारणार?"

दियानं विचारलं. झाइटलरनं साटोरी खाली ठेवली. तो म्हणाला की बहुतेक पोलीस निवृत्त होईपर्यंत माणसावर एकही गोळी झाडत नाहीत; ते नुसतं कमरेला बाळगतात, वर्षानुवर्षं.

"मग टोचायला नकोच," लीलाताई म्हणाल्या, आणि त्याला दुसरी साटोरी वाढली.

सोमवारी कंपनीत बैठक झाली. एक साहेब म्हणाले, पिस्तूल अंगावर आहे हे विसरायला होतं, याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. दुसरे म्हणाले, जो पोलीस ते विसरेल तो ते स्टेशनच्या टॉयलेटमध्ये ठेवून येईल. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी सुमेधाच्या होल्स्टरला पहिल्या दर्जाचे गुण मिळाले आणि सुमेधाला आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद. दोन्हींवर सही झाइटलरचीच होती.

त्यानंतर त्यानं तिला चाचणीच्या हॉलमध्ये बोलावलं. आत टेबलं बाजूला सारलेली होती. झाइटलर कमरेला होल्स्टर लावून मधोमध उभा होता, अंगात कुठून तरी मागवलेला डबल एक्सएल कुर्ता.

"फ्राऊ चिप," त्यानं हात पुढे केले, "उजवा वर की डावा?"

सुमेधानं त्याचे हात उलटसुलट धरले, पाय जुळवायला सांगितले आणि मागे रेलून पहिली गिरकी घेतली. चौथ्या फेऱ्याला झाइटलर भिंतीवर जाऊन आदळला. पिस्तूल जागचं हललं नव्हतं. खाली बसल्या बसल्या त्यानं धापा टाकत विचारलं, की हे तुमच्याकडे बायका उपाशीपोटी करतात की जेवून.