उजवा हातमोजा

दूध उतू जायच्या आत ती गॅस बंद करायची, आणि बंद केलेलं बटण परत एकदा बघायची.

मीठ चमच्याने नाही, चिमटीने घालायची. हात खांद्याइतका उंच धरून.

पाव कधी टाकायची नाही. शिळा पाव म्हणजे तिच्या लेखी अजून न केलेला पदार्थ होता.

हात एप्रनच्या आतल्या बाजूला पुसायची. बाहेरची बाजू लोकांसाठी.

मलम आधी कोपरांना लावायची. बोटांचे लाड सगळेच करतात, कोपरांची कोणी विचारपूस करत नाही, असं तिचं म्हणणं.

फोन उचलला की पहिला प्रश्न, "जेवण झालं का?" पलीकडे बँकेचा माणूस असला तरी.

खुर्चीवर कधी नीट बसायची नाही. कडेवर टेकायची, उठायच्या बेतात असल्यासारखी.

ती गेली तेव्हा मात्र पाठ टेकून बसली होती.

मी तिला मावशी म्हणायचे. नात्याची नव्हती. तिची खोली आणि माझी खोली शेजारी, मध्ये दोघींचं मिळून एक स्वयंपाकघर, त्याला एकच खिडकी. राहायला आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. एकदा तिने मान वळवून मागे पाहिलं. म्हणाली, "तू 'तुम्ही' म्हणतेस तेव्हा मला वाटतं माझ्यामागे आणखी कोणी उभं आहे." त्या दिवसापासून ती 'तू' झाली. मी साहित्यात एम.ए. केलंय हे कळल्यावर मी 'विदुषी' झाले. मी एका छापखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते, हे कळल्यावरही तिने ते नाव मागे घेतलं नाही.

ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. भांडी घासायला लागली, मग भाजी चिरायला, मग चुलीपाशी पोचली. पण भांडीवाली आली नाही की कढया पुन्हा हिच्याच वाट्याला. मोठा आचारी तिला 'चिमटी' म्हणायचा, मिठावरून. ती त्याला तोंडावर 'दादा' म्हणायची आणि घरी आल्यावर 'पळी'.

तिला एक धाकटी बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा धाकटी जेमतेम चालायला लागली होती. मावशीची शाळा तिथेच सुटली. थंडीत धाकटीचे गाल फुटायचे. घरात मलम नव्हतं. मावशी दुधावरची साय काढून तिच्या गालांना चोळायची आणि धाकटी जीभ लांब करून ती चाटून टाकायची. "अर्धी गालाला, अर्धी पोटात," मावशी सांगायची. "दोन्हीकडून तीच गुटगुटीत झाली. मी राहिले चिपाडासारखी."

धाकटी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. नवरा वारला, मूलबाळ नाही. दर रविवारी फोन. या थंडीच्या सुरुवातीला तिच्या पोटात गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, फार लांबवू नका म्हणाले. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. उरला होता व्हिसा, आणि त्यासाठी बोटांचे ठसे.

इथे तिने एक चूक केली. कँटीनमध्ये तपासणीच्या दिवशी सगळ्यांना हात पुढे करून उभं राहावं लागतं. नखं, तळवे, बोटं. तिला वाटलं व्हिसाच्या ऑफिसातही तसंच असणार. म्हणून आदल्या दिवशी तिने सोड्याच्या पाण्यात हात बुडवून ठेवले आणि टाचा घासायच्या दगडाने बोटं घासली. चांगली मन लावून. हळदीचा, काजळीचा एक डाग ठेवला नाही.

यंत्राने डावा हात कसाबसा घेतला. उजवा घेईना. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही बोटांना लाल दिवा. काचेपलीकडच्या मुलीने काच पुसली, मावशीचं बोट पुसलं, परत लाल. शेवटी ती म्हणाली की बाई, तुमच्या बोटांना रेषाच उरलेल्या नाहीत. त्वचा भरून आली की या. वर्षअखेरच्या सुट्ट्या संपल्यानंतरची तारीख दिली.

घरी येऊन मावशीने मला हात दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, लालसर, मधेमधे चिरा.

"रेषा नाहीत म्हणे," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं मी कोणाच्या नशिबाचं खाल्लं?"

मी हसले. ती हसली नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रेषा परत येतात, पण त्यांना शांतता लागते. साबण नको, गरम पाणी नको, भांडी नकोत. टोमॅटो, लिंबू, लसूण यांना शिवायचं नाही. हात ओलसर असतानाच मलम लावायचं, वर सुती हातमोजा. तो काढायचा फक्त जेवताना आणि मलम बदलताना. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, सुरी धरली तर चालेल का. नाही, बाई म्हणाल्या.

आणि नेमकी वर्षअखेरची सुट्टी आली, तिच्या कँटीनला आणि माझ्या छापखान्यालाही. कँटीन बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिथे मोठं जेवण असतं आणि उरलेलं कामगार घरी नेतात. मावशीच्या वाट्याला दरवर्षी जे दुसऱ्याला नको ते यायचं, कारण तिला तेच हवं असायचं. कोंबडीची हाडं, कोंब आलेले बटाटे, कापून ठेवलेला पाव, भात, केकच्या कडा. या वर्षी ती एका हातात पांढरा मोजा घालून गेली. मोठ्या आचाऱ्याने विचारलं, चिमटी, जादूचे खेळ सुरू केलेस काय? पण पिशव्या त्याने स्वतः भरल्या आणि जिन्यापर्यंत आणून दिल्या. हे मात्र तिने मला दोनदा सांगितलं.

मग आमचा संसार सुरू झाला. ती स्टुलावर, मी ओट्यापाशी. तिचं डोकं, माझे हात.

हाडं आधी तव्यावर भाजायची, मग पाण्यात घालायची. उकळी फुटली की आच इतकी बारीक करायची की पाणी नुसतं पुटपुटलं पाहिजे. मी पहिल्या दिवशी आच मोठी ठेवून वाचायला बसले. सूप गढूळ झालं. ती म्हणाली, पाण्याला बोलायला लावायचं होतं, तू भांडायला लावलंस. पावाचे काप आम्ही हीटरसमोर जाळीवर वाळवले आणि लाटण्याने चुरले. तो चुरा बरणीत भरला. शिळा भात सुपात घालून घोटला, त्याने सूप दाट झालं. केकच्या कडा तव्यावर कोरड्या भाजून दुधात.

अडायचं ते मिठाशी. ती म्हणायची, एक चिमूट. मी घालायचे. ती चाखायची.

"तुझी चिमूट म्हणजे माझी मूठ आहे, विदुषी."

"मग मापाने सांग ना."

"चिमटीला माप असतं होय? ती ज्याची त्याची."

डाव्या हाताला मोकळीक होती, पण त्याला अक्कल नव्हती. जन्मात त्याने काही केलं नव्हतं, नुसतं धरून ठेवलं होतं. डाव्या हाताने चमचा धरला की सूप एप्रनवर. "हा म्हणजे माझा दीर," ती त्या हाताबद्दल म्हणायची. "घरात असतो, कामात नसतो." सासरी ती थोडाच काळ नांदली होती. त्या घराबद्दल तिने मला एवढंच सांगितलं.

सूप शिजताना खिडकीवर वाफ धरायची. रोज दुपारी ती मोजा काढायची, कोमट पाण्याने बोटं धुवायची, टिपायची, आणि अंगठा काचेवर टेकवायची. मग मी शब्दकोशाबरोबर आलेलं भिंग घेऊन बघायचे. पहिल्यांदा नुसता डाग. ढगासारखा, असं मी म्हणाले. ती म्हणाली, मला ढग नको, अंगठा पाहिजे. पुढे कडेला दोनतीन रेषा दिसायला लागल्या. मग त्या वर वळल्या. मधोमध मात्र बराच काळ कोरं होतं.

एका रविवारी धाकटीचा फोन आला. मावशीच्या हाताला मलम होतं म्हणून मी स्पीकर लावला. "जेवण झालं का?" झालं नव्हतं. रुग्णालयाने ऑपरेशनची तारीख दिली होती. ठसे उमटून व्हिसा वेळेत झाला, तर मावशी त्याच्या आदल्या दिवशी तिथे पोचणार होती. धाकटी आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली,

"ताई, तू आल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

"झोपशील. लहानपणीही मी शेजारी असल्याशिवाय झोपायची नाहीस. म्हणून काय जन्मभर जागी राहिलीस?"

"मी तारीख पुढे ढकलते."

"काही ढकलायचं नाही. मी येतेय. अंगठा शाळेत घातलाय, लिहायला शिकतोय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मोज्यातला हात दुसऱ्या हाताने धरून बसली. मला म्हणाली, "हिने खरंच तारीख ढकलली तर?" मी म्हणाले, नाही ढकलणार. मला काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर तिने मोजा जेवतानाही काढला नाही. मी तिला भरवू लागले. आधी ती लाजली. मग तोंड उघडताना डोळे मिटून घ्यायची, औषध घेत असल्यासारखी.

ठशाच्या आदल्या दिवशी मी छापखान्यात जायला निघाले. त्या सकाळी तिने अंगठा काचेवर टेकवला होता आणि मी भिंग धरलं होतं. मधोमध भोवरा होता. बारीक, पूर्ण. तिला भिंगातून दिसेना, डोळे भरले होते. म्हणाली, "तूच वाच. तुझं काम आहे ते." मी वाचलं. म्हणाले, एकही चूक नाही.

शेवटचे बटाटे उरले होते. संध्याकाळी त्यांचे कटलेट करायचे, बरणीतला पावाचा चुरा लावायचा, थोडे उद्या बरोबर न्यायचे असं ठरलं. व्हिसाच्या ऑफिसात रांग लांब असते. काचेपलीकडच्या मुलीलाही एक देऊ, ती म्हणाली. मी दारातून बजावलं की कशाला हात लावायचा नाही, मी येते आणि करते. ती म्हणाली, "जा गं. मला काय हात आहेत का?"

मी आले तेव्हा ती स्टुलावर होती. स्टूल भिंतीला लावलेलं, पाठ भिंतीला टेकलेली. मला वाटलं, चला, एकदाची नीट बसली.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. त्रास झाला नसेल, म्हणाले. हे वाक्य मी कितीतरी पुस्तकांत वाचलंय. आता ते मला समजत नाही.

उजवा हात मांडीवर होता. मोजा मनगटापर्यंत नीट ओढलेला. त्याच्यावर एक डाग नव्हता. तिने सांगितलेलं ऐकलं होतं. शेजारच्या बायकांनी तो काढला तेव्हा मी पाहिलं, बोटं मऊ झाली होती. चिरा भरल्या होत्या.

मोठा आचारी आला. दारातच उभा राहिला. त्याने मला विचारलं की तिने काही खाल्लं होतं का. मग तोच खाली बसला.

धाकटीला फोन मलाच करायचा होता, मावशीच्या फोनवरून. मी बराच वेळ नंबर बघत राहिले. तिने उचलला आणि माझ्या आधी तीच बोलली, "ताई, उद्या ना?" मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

मग तिने विचारलं, "हात बरे झाले होते का?"

"हो."

"ठसा?"

"उमटला होता. पूर्ण. मी बघितला."

मग ती म्हणाली, "तारीख मी ढकललेली नाही. झोपते मी टेबलावर. तिला सांग."

मी हो म्हणाले.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले. खिडकी स्वच्छ दिसत होती. त्या काचेवर वाफ धरेल असं काही मी अजून शिजवलेलं नाही. चुऱ्याची बरणी ओट्यावर होती, झाकण काढून ठेवलेलं. मिठाचं भांडं जवळ ओढलेलं. परातीत बटाटे. मी येईपर्यंत थोडं काम उरकावं असं तिला वाटलं असणार. कागदासारखी पातळ साल काढणारी बाई ती. या साली मात्र जाड होत्या, त्यांच्याबरोबर निम्मा बटाटा गेला होता. सोललेल्यांना जागोजाग खड्डे. एकाची साल अर्धी सुटून परातीच्या कडेवर लोंबत होती. बाकीचे सालीसकट तसेच. सुरी शेजारी ठेवलेली होती, मूठ डावीकडे.