कुसुमची कोरडी पिशवी

कुसुम गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. देवळी-वर्धा गाडीवरचा हा जुना माणूस. संध्याकाळी मला गाडीत बसवून द्यायला कुसुम स्टँडवर यायची आणि खिडकीतून आमचं बोलणं संपता संपायचं नाही, म्हणून घंटीच्या दोरीला हात घालून ताटकळत उभं राहिलेलं मी त्याला कितीदा पाहिलं आहे. त्या दिवशी तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, "बाई, तुमची नालवाडीची मैत्रीण गेली ना परवा. तुमाले मालूम नाई?" मी निघाले होते ती तिच्याकडेच. पंधरा दिवस तापाने पडले होते, आज जरा बरं वाटलं म्हणून गाडी धरली होती. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. सगळ्या कामांत घाई करणारी बाई, इथेही तिने घाई केलीच. झोपेतच गेली म्हणे. कुणाला पाणी मागितलं नाही, की कुणाला उठवलं नाही. आता दीड महिना होऊन गेला आहे, राग थोडा उतरला आहे, म्हणून लिहायला बसले.

कुसुम पवनारची. तिच्या वडिलांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा ती मोठी, कळती मुलगी होती. घरी आल्यावर तिच्या आईने देव्हाऱ्यातले टाक, उपासतापास, बायकांनी महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं, सगळं एका गाठोड्यात बांधून धाम नदीला सोडलं, असं कुसुम सांगायची. नदीत नक्की काय सोडलं ते देव जाणे, पण त्या घरात त्यानंतर पाळी आली म्हणून कुठली बाई दाराबाहेर बसली नाही, हे खरं. मॅट्रिकनंतर ती नागपूरला मामाकडे राहिली आणि प्लास्टिकच्या पिशव्या करणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षं काम करून आली. मी देवळीची सून. घरी कापूस, तूर, चार बैल आणि कडक सासूबाई. शिलाई मशीन चालवता येते एवढ्या भांडवलावर मी नालवाडीला, कुसुम काम करायची त्या महिला मंडळाच्या खोलीत कामाला लागले. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

खोलीत आम्ही आठ जणी. पाळीच्या दिवसांसाठी कापूस आणि मलमपट्टीचं जाळीदार कापड घेऊन आम्ही पट्ट्या शिवायचो. त्यांना नाव घ्यायची लाज, म्हणून आम्ही आपलं 'घड्या' म्हणायचो. घड्या चांगल्या होत होत्या, अडलं होतं ते पिशवीवर. कागदाचा पुडा एकदा फाडला की उरलेल्या घड्यांवर चुलीची राख, धूळ, पावसाळ्यात ओल. मग त्या वापरून बायकांना खाज, फोड. आमच्यातल्याच एकीला असे फोड आले की तिला मशीनवर बसवेना. तेव्हापासून कुसुमने ध्यास घेतला, उघडून पुन्हा बंद करता येईल अशी पिशवी करायची. आज दुकानात तसल्या पिशव्या दिसू लागल्या आहेत. तेव्हा वर्ध्यात कुणी पाहिली नव्हती. आमच्याकडे सील करायचं यंत्र कुठलं? करवतीच्या जुन्या पात्यावर प्लास्टिकची कड दुमडायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवायची. हात पापणी लवेपर्यंत थांबला की भोक. कुसुमच्या उजव्या अंगठ्याला त्यामुळे कायमचा घट्टा पडला होता. पहिली पिशवी तिने टिचबटणांची केली, झाकणाला दोन बटणं लावून.

आरोग्य खात्याचे एक साहेब ती पाहून खूश झाले, पण सरकारी माणूस नुसता खूश होऊन थांबत नाही. ते म्हणाले, देवळीकडच्या तीन गावांत नर्सबाईंमार्फत साठ पिशव्या वाटा. बायका वापरतात असं दिसलं तर पुढचं काम तुम्हाला. नाहीतर दिवाळीनंतर ही खोली दुसऱ्या मंडळाला द्यावी लागेल. आठ जणींपैकी तिघींचं घर त्या खोलीवर चाललं होतं.

दोन महिन्यांनी नर्सबाई आल्या आणि पिशव्या टेबलावर ओतल्या. जवळजवळ प्रत्येक पिशवीतून पहिल्या दिवसापुरत्या घड्या काढलेल्या, बाकीच्या जशाच्या तशा. पहिला दिवस घडी, मग पुन्हा जुनं फडकं. "मी विचारलं तर बाया नुसत्या हासतात," नर्सबाई म्हणाल्या. कुसुमचा चेहरा मी विसरणार नाही. तिने एकेक पिशवी उचलून बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.

तिला वाटलं बटण कडक आहे. मग तिने नरम बटणं आणली. मग वाटलं आतलं दिसतं म्हणून बायका लाजत असतील, तर रंगीत प्लास्टिक आणलं. तीन आठवडे तिने जेवणखाण सोडल्यासारखं केलं. दिवाळी जवळ येत होती आणि मी समोर बसून टिपा घालत होते. मला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं की चूक बटणात नाही.

आमच्या घरी, आणि त्या तीनही गावांतल्या बहुतेक घरी, बाई बाजूला बसली की तिने कपाटाला, पेटीला, घरच्या कपड्यांना शिवायचं नसतं. पिशवी ठेवायची ती कपाटात. पहिल्या दिवशी कुणीतरी ती काढून, न शिवता, वरून बाईच्या ओंजळीत टाकायची. एकदा का तिच्या हाताला लागली की ती पिशवी विटाळली, पुन्हा कपाटात जायची नाही. मग ती गोठ्यात तरी राहणार, नाहीतर ओल्यागच्च पडवीत. शेणाशेजारी पडलेल्या पिशवीतली घडी बाई पुन्हा घेणार नाही; तिला घट्ट बंद होणारं तोंड असून उपयोग काय? पिशवी पुन्हा बंद करून जागेवर ठेवायची, हे गृहीतच कुसुमच्या घरचं होतं. तिथे बाई उठायची, कपाट उघडायची, घ्यायची, ठेवायची. आमच्याकडे असं नसतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिच्यासमोर शिवाशिव हा शब्द उच्चारायला माझी जीभ रेटेना. ज्या घरातल्यांनी तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या अंगावर झेलला, त्या घरच्या मुलीला मी काय सांगणार, की माझ्याच घरी मीसुद्धा चार दिवस अस्पृश्य असते आणि मुकाट्याने बसते?

शेवटी स्टँडवर सांगितलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुले पहिल्या दिवशी मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई? मी तिकडं बटणं बदलून राह्यली, आन् तू पाहून राह्यली?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

"आठ बायांचं काम जाऊन राह्यलं, आन् तुले लाज वाटली..." ती पाठ फिरवून चालायला लागली. त्या दिवशी कंडक्टरला ताटकळावं लागलं नाही.

घरी गेले ती रडकुंडीला येऊन. दुसऱ्या दिवशी धीर करून पिशवी सासूबाईंपुढे ठेवली आणि विचारलं, ही विटाळली तर शुद्ध होईल का? सासूबाई विचारात पडल्या. असल्या बाबतीत त्या हायकोर्ट होत्या. आळीतल्या बायका निवाड्याला यायच्या. पितळ घासलं की चालतं, मातीचं भांडं टाकावं लागतं, रेशमाला विटाळ नाही, हे सगळं त्यांना पाठ. प्लास्टिक मात्र त्यांच्या सासूने कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी पिशवी दोन बोटांनीही न धरता नुसती न्याहाळली. मग म्हणाल्या, "न्हानीतली प्लास्टिकची बकेट नाई का? तिच्यावर पाणी मारलं का घेतो आपन. हेबी तसंच. वरून पाणी मारा, कोरडं करा, ठेवा कपाटात. पन आत पाणी जाऊ देऊ नका, नाईतर कापूस सडन."

मला केवढा आनंद झाला! आत पाणी न जाणारं तोंड करायचं, एवढंच उरलं होतं. सकाळची पहिली गाडी धरून मी नालवाडीला गेले आणि दारातूनच कुसुमला सगळं सांगून टाकलं. पाणी मारलं की झालं, अगं, इतकं सोपं. ती मेणबत्ती पेटवत होती. तिने ती फुंकली.

"माही आजी मिरच्या घ्याले दुकानात जाय," ती म्हणाली. "पैसे पायरीवर ठेवा लागे. दुकानदार त्याच्यावर पाणी मारे, मंग उचले." पुढ्यातलं पातं बाजूला सारत म्हणाली, "आता मी पिशवी करू, पाणी मारासाठी?"

मी तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आत ये असं ती म्हणाली नाही. इतके महिने एका ताटात जेवलो होतो आम्ही, आणि मला त्या पाण्याचा अर्थ कळला नव्हता. माझ्या आनंदाचीच मला शिसारी आली.

दोन दिवस ती खोलीवर आली नाही. दिवाळीला अठरा दिवस राहिले होते. बाकीच्या जणी माझ्याकडे पाहायच्या, मी मशीनकडे. फोडांमुळे काम सुटलेली ती बाई मध्येच येऊन विचारून गेली, खोली राहते का म्हणून. तिसऱ्या दिवशी कुसुम आली ती बांबूच्या कामट्या घेऊन. बियाण्याच्या पोत्याचं तोंड शेतकरी कसं गुंडाळतात, ते तिने पवनारला जाऊन पाहिलं होतं. पिशवीच्या तोंडाशी एक नळी करून त्यात बोटाएवढी रुंद, गुळगुळीत कामटी घातली. कामटीवर तोंड तीनदा गुंडाळायचं आणि दोन्ही टोकांची नाडी पाठीमागे बांधायची. बटण नाही, म्हणून भोक नाही. पिशवी बांधून तिने पाण्याच्या बादलीत दाबून धरली. आम्ही बाकीच्या सगळ्या भोवती उभ्या होतो. तिने शंभर अंक मोजले, मोठ्याने. मग पिशवी काढली, पुसली, सोडली आणि आतली घडी माझ्या हातात दिली. "पाय, कोरडी हाय का." कोरडी होती. पण त्यानंतरच्या दोन गळल्या, मग पुन्हा कामटी तासली, नाडी सरकवली. तीन दिवस त्या बादलीशी झटापट चालली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी स्वतः पिशवी बुडवून पाहिली आणि दोन महिन्यांची मुदत वाढवून दिली. नव्या पिशव्या वाटून नर्सबाई फिरून आल्या, तेव्हा सासूबाईंचा निवाडा गावोगाव पोचला होता आणि बायका शेवटच्या दिवसापर्यंत घड्या वापरत होत्या. खोली राहिली.

त्या संध्याकाळी स्टँडवर तिने मला खिडकीशी बोलावलं. म्हणाली, "बायाच्या अंगाले ओलं फडकं लागू नये, म्हणून केली मी पिशवी. बाकीच्या पाणी मारतीन, मारू दे. त्याईले मी सांगू शकत नाई. पन तू नको मारजो. तुह्या घरी तशीच कोरडी ठेवजो कपाटात. ठेवशीन ना?"

मी हो म्हटलं.

ठेवली नाही. त्याच महिन्यात माझी पाळी आली, चौथ्या दिवशी मी कपाटापाशी गेले, सासूबाई ओसरीवर होत्या, आणि माझा हात आपोआप तांब्याकडे गेला. पुढच्या महिन्यात नक्की, असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. नवरा काही म्हणाला असता असं नाही, सासूबाईंनी घराबाहेर काढलं असतं असंही नाही. नुसती भीती, कशाची ते धड सांगताही येणार नाही अशी. कुसुमने कधी विचारलं नाही. न विचारता ती मला गाडीत बसवून देत राहिली, आणि मी हातातल्या पिशवीच्या नाडीशी चाळा करत दुसरंच काही बोलायचे.

सात वर्षांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली. चौथ्या दिवशी तिने पिशवीचं तोंड गुंडाळलं, नाडी बांधली आणि पिशवी माझ्यापुढे धरली, मी पाणी मारावं म्हणून. तिने ते कधी कुणाला विचारलंही नव्हतं; मला बघून शिकली होती. समोर सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. मी मुलीला म्हटलं, तूच ठेव कपाटात, मधल्या कप्प्यात. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, ठेव, तशीच. सूप थांबलं. मुलीने कपाट उघडलं आणि कोरडी पिशवी आजीच्या लुगड्यांशेजारी ठेवली. सासूबाई उठल्या. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्यांनी आपली लुगडी त्या कप्प्यातून काढली, वरच्या कप्प्यात ठेवली, कपाटाचं दार लावलं आणि परत येऊन तूर पाखडायला बसल्या. पुन्हा त्यावर आमच्या घरात शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी धावतपळत जाऊन कुसुमला हे सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती, हसतही होती. मग हसता हसता थांबली.

"मंजे एवढे साल तू पाणी मारत होती."

सात वर्षं ज्या क्षणाला टाळलं, तो मी स्वतःच आनंदाच्या भरात तिच्यापुढे नेऊन ठेवला होता. ती उठली, चुलीकडे गेली, चहाचं आधण ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "मले मालूम होतं व. तू खोटं बोलली का नाडीशी चाळा करत राह्यते." आणि चहा गाळताना म्हणाली, "पोरीनं कोरडी ठेवली ना... झालं मंग."

झालं नव्हतं. मी तिची माफी मागायला हवी होती. पुढे एवढा काळ मिळाला, तरी मागितली नाही, आणि ती गेली. मुलगी आता हॉस्टेलला असते. ते कपाट मात्र आहे तिथेच आहे. सासूबाईंची लुगडी वरच्या कप्प्यात, आमचं सामान मधल्यात. भांडी घासता घासता, कणीक मळता मळता काही काढायला म्हणून मी कपाटाशी जाते, आणि कडीला हात लावायच्या आधी थांबते. पदराला हात पुसते. दोन्ही बाजूंनी, नखांपर्यंत. कपाटात पाण्याचा एक थेंब जाऊ देत नाही.