ताईंना सांगा
उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या काठाला चिखलाचा आणि माशांचा वास सुटतो, आणि मला धाकट्या बहिणीचा दहावा आठवतो. ती आजारी असताना, तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन यावं म्हणून मी तिची हकीकत लिहून एक ईमेल धाडला होता. खाली आपलं नाव घाला आणि ओळखीच्यांना पुढं पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी माझा नंबर होता. दहाव्याला आम्ही पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरकडचा कुणी अनोळखी माणूस म्हणाला, "दादा, नाव घातलं, पुढं पाठवलं. ताईंना सांगा, धीर सोडू नका." मी म्हटलं, "सांगतो." वडिलांनी विचारलं, "कोन व्हतं?" मी सांगितलं. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "मंग सांग की तिला. त्येच्यासाठीच आडलं आसंल." मी पिंडासमोर जाऊन मशीन येतंय म्हणून सांगितलं. कावळा काही शिवला नाही. उन्हं चढल्यावर दर्भाचा कावळा करून शिववला. पुढं मशीन खरंच आलं, त्या ईमेलमुळंच आलं म्हणतात. ईमेल मात्र अजून फिरतोय, आणि त्यात ती अजून मशीनची वाट बघतीय. परवा पुन्हा एक फोन आला. मी म्हटलं, "सांगतो."